सहाही तारा

१७ फेब्रुवारी, रविवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत आणि जिभेचं तर विचारूच नकोस. माझं दुकान तेच. लोकांच्या पॅन्ट आखूड करायच्या, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करायचे. तू कशी आहेस? लेक शाळेत जायला लागली असेल ना? मला कळलं होतं. कुणाकडून ते सोड.

खरी बातमी अशी की मी गिटार शिकतेय. हसून घे एकदा. दादा गेल्यापासून त्याची गिटार कपाटावर पडून होती, अकरा वर्षं. घर रंगवायला काढलं तेव्हा खाली उतरवली आणि परत वर ठेववेना. गंजलेल्या तारा बदलून घेतल्या. दुकानात कपडे द्यायला येणाऱ्या एक बाई गिटार शिकवतात, त्यांच्याकडे शनिवारी जाते. वर्गात बाकीच्यांचे दुधाचे दात पडतायत आणि माझी अक्कलदाढ.

सुईनं बोटांची टोकं आधीच चामडं झालीत, त्यामुळे साध्या कॉर्ड पटापट जमल्या. गाडं अडलं ते एफ नावाच्या कॉर्डवर. तिथे टोकं पुरत नाहीत, पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. पेराची घडी नेमकी दुसऱ्या तारेवर यायची आणि ती तार मुकी. मी आपली जीव खाऊन दाबायची. बाई म्हणाल्या, "अहो, तार आहे ती, कुणाचा गळा नाही! बोट जरा कडेवर कलंडवा आणि हाताच्या वजनानं ओढा."

दादाही हेच सांगायचा ना? तुमच्या लग्नानंतरचा तो पहिला उन्हाळा. स्वयंपाकघरात दोन स्टुलं, एक गिटार आणि आपण दोघी आळीपाळीनं. मी तिसऱ्या दिवशीच "मला नाही जमत" म्हणून उठले. तू मात्र आठ दिवस हीच एक कॉर्ड घोटलीस. दूध उतू गेलं, भाजी करपली. आई दादाला म्हणाली, "अरे, तिला दुसरं काहीतरी शिकव, नाहीतर मी माहेरी जाते!" नवव्या दिवशी ती वाजली आणि दादानं तुला आईसमोरच उचललं. आई लाजून गॅलरीत पळाली. मीही हसले, पण आत कुठेतरी टोचलं. तोवर त्याची शिष्या मी होते.

या गुरुवारी दुपारी माझी वाजली. सहाही तारा, स्वच्छ. खरं वाटेना म्हणून पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. आतल्या खोलीत आई आडवी झाली होती. अर्धवट झोपेत म्हणाली, "सून आली का गं? आधी पाणी दे तिला."

मी गिटार भिंतीला टेकवली आणि आत गेले.

वहिनी, इतकं इकडचं तिकडचं लिहिलं, कारण पुढचं लिहवत नाही. तू दुसऱ्या लग्नाचं सांगायला आली होतीस, तेव्हा दारातच मी म्हणाले, "आईला तुझं तोंड बघायचं नाही." आई तसं कधीच म्हणाली नव्हती. ती झोपली होती. तू आलीस हे तिला कळलंसुद्धा नाही.

त्याआधी मी गॅलरीतून तुला येताना पाहिलं होतं. तू वर यायला जिन्याकडे वळलीस, तेव्हा खाली थांबलेले तुझे आताचे यजमान काहीतरी म्हणाले आणि तू हसलीस. दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्यामागे कुणी हसूच नये असं वाटलं मला.

लग्नाचं आईला बाहेरून कळलं. म्हणाली, "मला सांगायला आली असती, तर मी काय नको म्हणणार होते?" पुढची आठ वर्षं ती हे अधूनमधून म्हणायची आणि मी मुकाट कापड कापत बसायची.

गुरुवारी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्या हातचं जेवली, पण शब्द बोलली नाही. काल म्हणाली, "माझं राहू दे. त्या पोरीनं तुझं काय वाकडं केलं होतं?" मग म्हणाली, "लिही तिला. आणि त्यात स्वतःला सावरून घेऊ नकोस."

म्हणून सावरत नाही. माफीही इथे मागत नाही. ती मागायची तर समोर उभं राहून. आई रोज चारनंतर खुर्चीत बसते. तू ये. त्यांना आण, लेकीला आण. मी नको असेन तर तसं कळव, त्या दिवशी मी दुकानातच थांबेन. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, त्या तुला विसरलेल्या नाहीत.

आईनं एक निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत: "सुनेला म्हणावं, जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून चढ."

अजूनही म्हणू देशील तर,
तुझी वन्सं