पांढरी फांदी

४ जून
निवृत्तीनंतर पुन्हा पांढरा कोट चढवला! स्कॅनिंग सेंटरातली माझी खोली थंडगार, खुर्ची मऊ, टेक्निशियन पोरगी बोलघेवडी. म्हणाली, मॅडम, तुमच्यासारखं कडक कुणीतरी हवंच होतं, इथे सगळा आनंदीआनंद आहे. काम माझ्या आवडीचं, फुप्फुसांतल्या लसिकावाहिन्यांचे दुर्मीळ आजार शोधायचे. जांघेतल्या गाठीत औषध सोडायचं आणि ते पांढऱ्या रेघेसारखं छातीत चढताना पडद्यावर बघायचं. रेघ सरळ मानेपाशी गेली तर ठीक. फुप्फुसात फांद्या फुटल्या की समजावं, लसिकेची गळती आहे; ती श्वासनळ्यांत साकळून फांदीसारखा साचा बनतो.

६ जून
रिपोर्ट मी लिहायचा आणि मोठ्या डॉक्टरांनी चित्रं तपासून दुसरी सही करायची, असा इथला नियम. ते फोनवर गप्पा मारत गठ्ठाच्या गठ्ठा उरकतात. याच माणसाने माझ्या धाकट्या बहिणीला, चिमीला, दमा आहे, बाकी नखरे, म्हणून घरी पाठवलं होतं. खोकताना तिच्या तोंडातून मेणासारख्या पांढऱ्या फांद्या पडायच्या. गुदमरून गेली. साहेब मला ओळखतसुद्धा नाहीत. शाळेत नन्सनी क्षमा शिकवली, त्या दिवशी मी बहुधा गैरहजर होते.

११ जून
मोठे डॉक्टर स्वतःच खोकत आले. स्कॅनमध्ये डावीकडे फांदी, टोकाला आकड्यासारखी वळलेली. हुबेहूब चिमीची. खोकून पडलेली तिची फांदी मी बशीत पाहिली होती. गळती वेळीच बुजवली तर माणूस वाचतो. मी ‘नॉर्मल’ लिहिलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही पाहिलंत ना, मग मी कशाला डोळे फोडू? आणि स्वतःच्या मरणावर झोकात सही ठोकली.

२ जुलै
साहेब गेले. तोंडातून पांढरं काहीतरी आलं, पोरगी रडत सांगत होती. मी दोन कप चहा प्यायले.

५ जुलै
आज एक शिक्षिका आली. तिच्या छातीतही तीच फांदी, तोच आकडा. मशीन बिघडलंय म्हणून पोरीवर डाफरले. मशीन ठणठणीत आहे म्हणते.

८ जुलै
आज सगळ्यांच्याच. पोस्टमनच्या, एका बाळंतिणीच्या— चिमे, पुरे आता. त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?

९ जुलै
मलाच खोकला. पोरीने स्कॅन केला. डावीकडे— होय. ‘गळती, ताबडतोब बुजवा’ असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

१० जुलै
सर्जनच्या हातात माझा रिपोर्ट. अक्षर माझं. शब्द ‘नॉर्मल’. खाली दुसरी सही, झोकदार, शाई ओली. मी ओरडले, ही सही करणारा माणूस मेलाय! सर्जनने मान वर केली नाही. म्हणाला, दोन सह्या आहेत, बाई, नखरे नकोत, घरी जा—

बशीत पडलं काहीतरी. पांढरं. आकडा हल—