दोन हप्त्यांची राजधानी

सिंदी (रेल्वे),
१५ डिसेंबर २०२३

चि. सौ. सुलोचनास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. फोनवर तुले अर्धंच ऐकू येते अन् उरलेलं तू मनचं जोडते, म्हणून हे पत्र.

आपल्या सुरभीचं जमलं! पोरगा आष्टीचा, नाव हेमराज, सरकारी नोकरी, अन् तीबी नागपुरात. प्रभाकररावानं स्थळ आणलं, बायोडाटाबी देल्ता, पण मी तो उघडला नाई. कागदावर कोणीबी काईबी लिहिते. पोरगा सध्या नागपुरात कुठं बसते, एवढं प्रभाकररावाले विचारलं अन् न सांगता सरळ गेलतो. विधानभवनाजवळच्या एका हाफिसात हेमराज फायली पाहून राह्यलता. समोर दोन चपराशी, पायाशी हीटर. मले चहा पाजला, वरून बिस्कुटं. एवढं डोळ्यानं पाह्यल्यावर अजून काय पाह्यजे? चार दिवसांत साखरपुडा उरकून टाकला.

मुंबईले पोरगी देणार नाई, हे मी साऱ्या बिरादरीत सांगून ठेवलं होतं. नागपूर म्हणजे गाडीनं एक घंटा. तुही वहिनी रुख्मा तर म्हणून राह्यली का पोरीले रोज डबा पाठवता येईन.

माया आहेच, कमी होऊ देऊ नको.
तुहा दादा,
महादेवराव

रायपूर,
२३ डिसेंबर २०२३

ती. दादास,
सुलोचनेचा शि. सा. न. वि. वि. बातमी वाचून गल्लीत पेढे वाटले. मग पत्र पुन्हा वाचलं, अन् पेढे वापस मागावे का काय, असं झालं. दादा, तू गेलता तवा अधिवेशन चालू होतं ना? त्या दिवसांत मुंबईचं सारं सरकार फायलीच्या पेट्यांसकट नागपुरात उतरते. हेमराजचं टेबल तिथलं का मुंबईचं, हे त्याले विचारलं काय?

आमची राजधानी बिचारी बाराही महिने घरी राहते. तुमची हिवाळ्यात माहेरपणाले येते अन् तू तेच तिचं सासर समजून बसला! एकदा जाऊन पाहून ये.

वहिनीले नमस्कार. राग आला तरी उत्तर लिहिजो.
तुही
सुलोचना

सिंदी (रेल्वे),
३० डिसेंबर २०२३

चि. सौ. सुलोचनास,
आशीर्वाद. पुन्हा गेलतो. खोलीले कुलूप. श्रावण नावाचा झाडूवाला भेटला. त्यानं सांगतलं का साहेबलोक गेले मुंबईले. टेबल मंडपवाल्याचं होतं, तेबी गेलं. हीटर किरायाचा. हेमराजले फोन केला तर पोरगा सरळ म्हणाला का मी मंत्रालयातच हाओ, तुमाले माहीत नव्हतं काय?

अधिवेशन मले का माहीत नाई? पण त्या गर्दीत आपला जवाई मुंबईहून येऊन राह्यला, हे कोणाच्या ध्यानात येईन! आता संक्रांत झाली का मी नकार कळवतो. तुही वहिनी म्हणते, चाळीस मानसाईसमोर हो म्हणून बसले.

बाई, तुले खरं सांगतो. मुंबई म्हणजे अख्खी रात्र गाडीत. पोरगी एवढ्या दूर जाईन, या विचारानं मी रात्री उठून अंगणात फिरतो.

तूच आता मले समजून घेजो.
महादेवराव

सिंदी (रेल्वे),
३ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सुरभीचा शि. सा. न. वि. वि. आत्या, बायोडाटा मी वाचला होता. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, मंत्रालय, मुंबई. बाबांनी साखरपुडा ठरवला तेव्हा मला वाटलं, त्यांनी मन मोठं केलं! मी आईच्या गळ्यात पडून रडली. मग आई-बाबा नागपुरात डबा पाठवायच्या गोष्टी करू लागले, तेव्हा लक्षात आलं, पण सांगायची हिंमत झाली नाही. चूक माझीही आहे.

हेमराज मला आवडला आहे. हे बाबांना तोंडावर सांगितलं, तर ते गोठ्यात निघून गेले. संक्रांतीला दहाबारा दिवसच उरले. ते तुझं ऐकतात असं नाही, पण तुला घाबरतात.

तुझी लाडकी राहू दे मला.
सुरभी

रायपूर,
९ जानेवारी २०२४

ती. दादास,
नमस्कार. आज थट्टा नाई. मले रायपूरले देल्लं तवा तुम्ही सारे म्हणत होते, सात घंट्याचीच तर गाडी. बेचाळीस वर्षांत तू चार वेळा आला. मले त्याचा राग होता अन् आजबी हाय. दूर म्हणजे काय, हे तुले पोरीपायी कळून राह्यलं, बहिणीपायी नाई कळलं.

मले तवा कोणी विचारलं नाई. सुरभी तर आपल्या तोंडानं सांगून राह्यली, तरी तू गोठ्यात जाऊन बसते! तुह्यासाठी राजधानी सिंदीले कोणी आणणार नाई. पोरीले जाऊ दे. अन् गेल्यावर भेटाले जात जा रे बावा.

एवढं ऐकलं तर तुह्यावरचा राग सोडते.
सुलोचना

सिंदी (रेल्वे),
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुलोचनास,
आशीर्वाद. तुह्या त्या पत्रानंतर संक्रांतीच्या दिवशी हेमराजले तिळगूळ घ्याले बलावलं, पण तुले उत्तर लिहाची लाज वाटली. लग्नात तू सारं पाह्यलंच.

औंदा अधिवेशनाले जवाई पेट्यांसंगं नागपुरात उतरला, अन् सुरभी त्याच्या संगं. सहा दिवस पोरगी सिंदीत होती. घर कसं भरून गेलतं! रुख्मानं तिले एकबी भाकर थापू देल्ली नाई. अन् एवढ्यात अधिवेशन खतम म्हणतेत! एवढ्याशा दिवसांत काय राज्य चालवतेत हे लोक?

मले राहवलं नाई. मी मोर्चात गेलतो. पुढं अंगणवाडीवाल्या बाया, मागं मास्तरलोक, मधात मी एकटा, हातात पुठ्ठा: अधिवेशन सहा हप्ते झालंच पाह्यजे. एका पत्रकारानं विचारलं का बाबा, तुमची संघटना कोन्ती? मी सांगतलं, मी पोरीचा बाप हाओ.

फेब्रुवारीत मी रायपूरले येतो. पाच-सहा दिवस राहीन, हाकलजो नको.
तुहा दादा,
महादेवराव