दुसरा डबा

पिंपरी,
२० एप्रिल १९५६

प्रिय मंजुळा,

तुला वहिनी म्हणायला जीभ अजून वळत नाही. शाळेत माझी पाटी फोडणारी तूच ना! सोबत एक कार्ड आहे, ते नेहमीसारखं आईला वाचून दाखव. हे पत्र मात्र तुझ्या एकटीसाठी.

इकडे सगळं ठीक. औषधाच्या कारखान्याचा भोंगा होतो, हे कामावर जातात, मी चूल सारवते. भैरू जाऊन महिना झाला, पण मला रडूच येत नाही. शेजारच्या गवराबाई म्हणतात, रड गं बाई, मोकळी हो. मी तांदूळ निवडत बसते. परवा त्याची झबली धुतली, वाळवली, घडी करून ठेवली. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

मागच्या उन्हाळ्यात महाळुंग्याला आपण आईबरोबर सातूचं पीठ केलं, आठवतं? माझ्या पोटात भैरू, तुला नुकते डोहाळे लागलेले. भाजलेले गहू आणि डाळं ओसरीवर निवत घातलं होतं आणि कोंबड्या खुशाल त्यातून फिरत होत्या. आई हुसकून दमली, आपण हसून दमलो. मग दळून तिनं दोन डबे भरले, एकेका नातवंडाला एकेक. आपल्या घरी बाळाच्या तोंडाला पहिलं लागतं ते आजीच्या हातचं सातू. शिजवायचं नाही, कोमट दुधात गुळाशी कालवून चाटवायचं.

मीही तसंच चाटवलं. दोन-तीनदा खाल्लं आणि त्याला जुलाब लागले, मग ताप चढला. दात येतायत, असंच सगळे म्हणाले. डोळे खोल गेले तेव्हा दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. नंतर यांनी उरलेलं पीठ ओळखीच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं. त्यात जंतू निघाले, कोंबड्यांच्या विष्ठेतून आले असावेत म्हणाले. मी विचारलं, वर्षभर कोरड्या डब्यात काय जगणार? तर ते मरत नाहीत म्हणे, ओल मिळेपर्यंत नुसते पडून राहतात. पिठाला जाळी नव्हती, वासही खमंग होता.

अक्षय्य तृतीयेला तुझ्या छबूचं उष्टावण आहे. फडताळातला दुसरा डबा त्याच दळणाचा आहे. मंजुळा, तिला त्यातलं बोटभरही चाटवू नकोस. गुरांना, कोंबड्यांनाही घालू नकोस. खोल खड्डा करून पुरून टाक. आईला सांग, डब्यात उंदीर शिरला. खरं कारण तिला कधीच कळू देऊ नकोस, ती जगायची नाही. भैरू गेल्यावर भेटायला आली तेव्हा तिनं मला एवढंच विचारलं होतं, "माज्या हातचं चार घास तरी खाल्लं का गं लेकरानं?" तेव्हा मी तिच्यासाठी पाणी आणायला उठले. कार्डात उत्तर लिहिलंय: हो आई, मिटक्या मारत खाल्लं. त्यात एक अक्षरही खोटं नाही.

तुझीच,
सावित्री