डावा हात सापडल्याशिवाय मला पुरू नये

मी, चनबसाप्पा मल्लाप्पा तोडकर, वय अठ्ठावन्न, धंदा पूर्वी पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर कामगार, आता बसून, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व एकट्या उजव्या हाताने लिहून ठेवतो. काळीज दुबळे आहे, डोके शाबूत आहे. म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असे ज्याला म्हणायचे असेल त्याने शेवटपर्यंत वाचून मग तोंड उघडावे.

१. घराच्या दोन खोल्या, पत्र्याची पडवी व म्हैस पत्नी अक्काताई हिला. पुतण्याचा पडवीवर डोळा आहे. त्याने तो स्वतःच्या घराकडे फिरवावा.

२. माझी मोजमापाची सगळी हत्यारे मुलगी शांभवी हिला. ती आयटीआय शिकते. "पोरीला मशीनवर कशाला?" म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहासुद्धा पाजू नये. अट एकच, पाचर मारलेल्या प्रेसवर तिने उभे राहू नये. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. आमच्या शेडमध्ये एका बटणात कायम लाकडी पाचर ठोकलेली असे. एक हात मोकळा राहतो, माल झटपट निघतो. खंडेनवमीला मालक विजयसिंह प्रेसबरोबर त्या पाचरीलाही हळदकुंकू लावायचे. त्याच प्रेसमध्ये माझा डावा हात मनगटापासून गेला.

३. विजयसिंहांनी आपल्या वाढदिवसाच्या शिबिरात मला दिलेला प्लास्टिकचा हात त्यांना परत करावा. बोटे वाकत नाहीत, पण पेपरात फोटो झकास आला होता, त्यांचा.

४. कामगार न्यायालयातला भरपाईचा दावा अक्काताई व शांभवीने वारस म्हणून पुढे चालवावा. मालकाचे म्हणणे असे की हात शेडमध्ये गेलाच नाही, घरी कडबाकुट्टीत गेला. दवाखान्यात मी शुद्धीवर नसताना माझा अंगठा उठवून तसे लिहून घेतले. आमच्या घरात कडबाकुट्टी कधी नव्हतीच, अक्काताई कडबा कोयत्याने तोडते. बाहेरच्या बाहेर तडजोड करू नये. केली तर मी शांत बसणार नाही.

५. माझ्या देहाविषयी. आम्ही लिंगायत. मेलेल्या माणसाला बसवून पुरतात आणि इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. आमचे पुरोहित जंगम म्हणाले, उजव्यावर ठेवू, चालते. मला चालत नाही. जन्मभर ज्या हातावर लिंग धरून पूजा केली तोच हात मला पाहिजे.

माझ्याबरोबर काम करणारा बाळासो शपथेवर सांगत आला, "हात रुद्रभूमीत पुरलाय, चनबसाप्पा." मी त्या दफनभूमीत जाऊन दिवसभर बसलो. काही जाणवले नाही. पण शेड सुरू झाली की माझा नसलेला हात थरथरतो. तळव्याला ग्रीस लागते, बोटांवर काँक्रीटचे ओझे येते. सोमवारी शेड बंद, हात गप्प. डॉक्टर म्हणतात, शिरांचा खेळ आहे. असेल. मग शेडची लाईट गेली की माझा हात घरबसल्या कसा थांबतो? कितीदा तरी संध्याकाळी बाळासोला विचारून खात्री केली आहे.

अपघात झाला त्याच आठवड्यात प्रेसचा पाया उकरून नवा भरला होता. हात तिथेच आहे. पंजाच्या पाठीवर अक्काताईचे नाव गोंदलेले आहे. ती म्हणते, "माझं नाव त्या मशीनखाली गाडून ठेवलंया व्हय? काढा की भाईर!" तरी मी मेल्यावर न्यायालयाच्या हुकमाने पाया खोदावा. हात निघेल, आणि तो कुठे तुटला हेही निघेल. तोवर मला पुरू नये.

६. वरचे सर्व रविवारी लिहिले होते. आता बदल करतो.

परवा दुपारपासून माझ्या डाव्या हातात कोणीतरी हात दिला आहे. आधी गरम होता, आता निवत चालला आहे. लहान आहे, बाईचा आहे. फुटक्या बांगडीची काच मला टोचते. पकड सुटत नाही. मला फार भीती वाटते, हे लिहायला लाज नाही.

आज बाळासो साक्षीला आला. विचारले, शेडमध्ये बायका किती? म्हणाला, "हायत की दोघी-तिघी." म्हटले, कामावर कोण येत नाही? त्याने एक बोट वर केले, लगेच मिटले.

म्हणून कलम पाच रद्द. माझ्या मरणाची वाट बघू नये. पाया उद्याच खोदावा. त्याआधी ती बाई कुठल्या दवाखान्यात आहे ते अक्काताईने शोधावे, तिच्या उशाशी बसावे, कुठल्याही कागदावर तिचा अंगठा उठू देऊ नये. कुठल्या शेडमध्ये, कुठल्या मशीनवर झाले ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तोवर मी इकडे तिचा हात धरून आहे.

हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आहे.

सही: च. म. तोडकर
ठिकाण: उचगाव
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. धोंडुबाई, शेजारीण. सही केली.
२. बाळासो. सही राहिली. कलम सहा ऐकून उठला आणि पहार आणायला गेला.