घोषणा माझीच आहे

३ मार्च, सकाळी ९
पक्षाच्या कार्यालयासमोर पोरं येऊन बसलीत. शंभरेक असतील. चार दिवसांची हवा. गुरुवारी उमेदवारांची यादी आहे, माझं तिकीट पक्कं. युवा आघाडीचा अध्यक्ष आहे मी, वय त्रेपन्न. कलप लावून घेतला.

दुपारी १
खिडकी उघडली आणि अंगावर काटा आला. एक जण ओरडतोय, "किती वर्षं बसणार?" बाकीचे म्हणतायत, "उठा आता, उठा आता!" कॉलेजात, तेव्हाच्या सरकारविरुद्ध, मीच लिहिलेली घोषणा! पोरांना माझं मार्गदर्शन हवंय, दुसरं काय.

४ मार्च
हजारावर गेली. लेक मैत्रिणीकडे अभ्यासाला आहे. टीव्हीवर मेगाफोन धरलेली मुलगी तिच्यासारखी दिसली. मेगाफोनमागे सगळेच सारखे दिसतात. बायको म्हणाली, आपलीच आहे. जेवण गेलं नाही.

५ मार्च, सकाळी
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, युवा तुमच्याकडे ना? मग उठवा, नाहीतर उद्या पोलीस उठवतील. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

संध्याकाळी
अडीच तास झाले. घोषणा माझी आहे हे सगळ्यांना सांगितलं. एकाने विचारलं, मग काका, तुम्ही तिकडे काय करताय? मी चहा मागवतो म्हणालो.
लेकीला बाजूला घेतलं. घरी चल, लाठी पडेल, म्हटलं.
"बाबा, तुला पडली होती ना?"
हो म्हणालो. त्या दिवशी मी मावशीकडे होतो.

६ मार्च, सकाळी ११
यादीची बैठक. बाहेर पाच हजार पोरं, समोर हेल्मेट घातलेले पोलीस. साहेबांनी चष्मा लावला. तेवढ्यात खालून लेकीचा आवाज, "किती वर्षं बसणार?" आणि मी मूठ वर करून, साहेबांकडे बघत, "उठा आता, उठा आता!"
जुनी सवय. साहेबांनी चष्मा काढला.

संध्याकाळी ६
लाठी पडली नाही. देव पावला. साहेबांनी पोरांना चर्चेला वर बोलावलं. पहिली मागणी लेकीने वाचली: युवा आघाडीचा अध्यक्ष पस्तिशीच्या आतला हवा. एकमताने मंजूर. यादीत माझं नाव नाही, छपाईची चूक असावी.
लेक घरी आली तेव्हा मी दारातच उभा राहून बायकोला सांगत होतो, हा राजीनामा नाही, रणनीती आहे. लेकीने पाणी दिलं, खुर्ची पुढे सरकवली.
"बाबा, बस आता."
खुर्चीत बस म्हणाली की पुरे म्हणाली, विचारलं नाही. बसलो.