रंगाच्या कारखान्यातलं वाचनालय

३ मार्च
चि. शिडीस अनेक आशीर्वाद.

लाडाने शिडी म्हणतो खरं, पण उंची अजून वाढत नाही ना? अंतिम सामना जिंकलास, माझी छाती फुगली! सगळ्या संघांना खेळाडूंच्या पगाराची एकच मर्यादा, हा तुमच्या व्हॉलीबॉल लीगचा नियम मला फार पटतो. नाहीतर ज्याचा खिसा मोठा त्याचाच चषक. म्हणून तुमचं जिंकणं अस्सल.

इकडे एक पंचाईत आहे. तुमच्या संघमालकांनी मला त्यांच्या रंगाच्या कारखान्यात वाचनालय सल्लागार नेमलं, पण इथे वाचनालयच नाही! खुर्ची, टेबल, रिकामं कपाट. काम मागितलं तर मॅनेजर म्हणतात, बसा निवांत. तीस वर्षं ग्रंथपाल होतो रे, फुकटचा पगार अंगी लागत नाही. शेवटी घरची पुस्तकं आणून मांडली. रंगाचे डबे भरणारे कामगार जेवणाच्या सुट्टीत येऊन नेतात. गुडघ्याला जप.

तुझ्यावर जीव असलेला,
काका

९ मार्च
ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तो पगार माझा आहे. मर्यादेत माझी रक्कम बसेना, तेव्हा मालक म्हणाले, वरचं घरच्या कुणाच्या नावाने देऊ. निवृत्तीनंतर तुम्ही नुसते खिडकीशी बसून असायचात, तुमचंच नाव तोंडात आलं. काकांना बरं वाटेल, अशी मनाची समजूत घातली.

समोरच्या संघानेही मला बोलावलं होतं, मर्यादेत बसेल तेवढंच देऊ करून. अंतिम सामन्याचा शेवटचा सेट ते दोन गुणांनी हरले. त्यांचा कप्तान हात मिळवायला आला, मला त्याच्याकडे बघवेना.

लीगचे तपासनीस तुमच्याकडे येणार आहेत. तेवढं सांभाळून घ्या. मागताना लाज वाटते.

माया कमी करू नका,
शिडी

१४ मार्च
चि. शिडीस आशीर्वाद.

तपासनीस आले, तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी कपाट दाखवलं, कोणी काय नेलं ती वही दाखवली. ते खूष झाले. असा प्रामाणिक माणूस हल्ली भेटत नाही म्हणाले. नोकरी कशी मिळाली विचारलं, तर चक्क सांगितलं की अर्ज केला होता. या वयात थाप मारली, आणि माझ्या खऱ्या कामामुळेच ती पचली. आरशात बघवत नाही.

तुझ्यावर फार रागावलोय. तरी तुझं नाव घ्यायला जीभ रेटली नाही. पुढच्या आठवड्यात ते जबाबावर सही घ्यायला येतील. तू गप्प राहिलास तर मी करीन. तुला नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही, म्हणून तूच ठरव.

काका

१७ मार्च
ती. काकांना सा. न.

सही करू नका. आज लीगच्या कार्यालयात जाऊन सगळं सांगून आलो. माझ्यावर दोन वर्षं बंदी येईल, चषक त्या संघाकडे जाईल. आमच्या बाकी अकरा जणांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांचंही जिंकणं मी घालवलं. त्यांनाही सांगितलं. एकेक जण बॅग उचलून निघून गेला.

तुमची नोकरीही गेली. रविवारपर्यंत वाचनालयाची खोली रिकामी करायची आहे. कामगार विचारतील, त्यांना काय सांगणार तुम्ही, हेच डोक्यात फिरतंय. मी शनिवारी येतो. बोलू नका हवं तर, पण पुस्तकं एकट्याने उचलू नका.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, तरी मागतो.
शिडी