राहिलेला माणूस

४ जुलै, शुक्रवार

सराव झाला. समिती खूश, मोठे साहेब खूश, पथकाला टाळ्या. आणि मी इथे पेन चावत बसले आहे.

पैलवानाला मीच सांगितलं होतं. पैलवान म्हणजे आमच्या बचाव पथकाचा प्रमुख. सकाळी जिन्यात गाठलं आणि हळूच म्हटलं, ‘शाळेच्या मागची लाकडाची खोली.’ तो नुसता ‘बरं ताई’ म्हणाला. त्यानं जरा तरी आश्चर्य दाखवायला हवं होतं.

बाबा खोलीतून बाहेर आले तेव्हा केसांत भुसा होता. समितीतल्या बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला. बाबा त्यांच्याकडे बघून हसले, मग माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत.

५ जुलै, शनिवार

बाबा बोलत नाहीत. पेपर तोंडासमोर धरून बसलेत, तो कालचा आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःलाच काहीतरी गोड समजूत घालीन.

धरणाचं पाणी सुटलं तर खालची वस्ती कशी रिकामी करायची, याचा सराव आम्ही वर्षातून दोनदा घेतो. भोंगा वाजतो, लोक टेकडीवर जातात, मोजणी होते. आणि दर वेळी एक माणूस मुद्दाम मागे लपवून ठेवायचा, ही आमच्या आपत्ती कक्षाची पद्धत. मोजणीत एक कमी भरतो, तो पथकानं शोधून काढायचा. त्याला आम्ही ‘राहिलेला’ म्हणतो. वस्तीत राहणारं कुणी या कामाला तयार होत नाही, म्हणून माझे बाबा. आई गेल्यापासून हे काम त्यांच्याकडेच आहे. जन्म गेला नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून. अंधारात गप्प बसणं त्यांच्याइतकं कुणाला जमणार? आदल्या दिवशी कण्हण्याची प्रॅक्टिस करतात. गुडघा मोडल्याचं कण्हणं वेगळं, दम लागल्याचं वेगळं.

मागच्या वेळी पथकाला ते सापडलेच नाहीत. अख्खी दुपार बिचारे एका पडक्या दुकानात बसून होते, आणि पथक चहा पीत होतं. शेवटी स्वतःच चालत आले. मोठे साहेब मला म्हणाले, ‘समितीपुढे असा तमाशा झाला तर मी तुमच्या पाठीशी नाही.’

म्हणून सांगितलं. दुसरं काही कारण नाही. घाबरले होते.

६ जुलै, रविवार

बाबा जेवताना म्हणाले, ‘मीठ कमी आहे.’ दिवसभरात एवढंच.

८ जुलै, मंगळवार

आज फुटले एकदाचे.

‘मला शोधलं नाही तुझ्या माणसांनी. उचललं. गोदामातलं पोतं उचलतात तसं. दार उघडायच्या आधीच तो पैलवान म्हणतो, या काका बाहेर!’

मीही चिडले. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवलीत आणि मला शिकवताय? बोलल्यावर जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, ‘नाटकात नट विसरला तर फार तर पडदा पडतो, बाई. लोक घरी जाऊन जेवतात. तुझ्या इथं काय पडणार?’

मी रडले. चाळिशी उलटली तरी बापासमोर नाक पुसायला ओढणी लागते!

मग शब्द दिला. पुढचा सराव न सांगता. तारीख फक्त माझ्या डोक्यात. भोंगा वाजला की बाबांनी उठायचं आणि त्यांना हवं तिथं लपायचं. मला ठिकाण सांगायचं नाही, मीही विचारायचं नाही.

‘नक्की?’

‘नक्की.’

मग म्हणाले, ‘आता चहा टाक.’

११ जुलै, शुक्रवार

समितीचा निकाल आला. देशभर ही पाहणी चालू आहे. जिथे संकटं जास्त, तिथली तयारी किती, ते बघतायत. आमचा जिल्हा उत्तम ठरला.

आणि म्हणून आम्हाला दुसरी बोट मिळणार नाही.

मोठे साहेब हसत हसत सांगत होते. ‘एवढं तरबेज पथक आहे म्हटल्यावर एका बोटीत भागेल तुमचं, असं म्हणाले. ती बोट कच्च्या जिल्ह्याला दिली.’ त्यांना त्यात कौतुक वाटत होतं. त्या बोटीसाठी मी दोन वर्षं खेटे घातलेत! आणि हातची घालवली कुणी, तर मीच.

१४ जुलै, सोमवार

साहेबांना खरं सांगायला गेले होते. ‘साहेब, त्या दिवशी पथकाला जागा आधीच—’ एवढंच म्हणाले. त्यांनी हात वर केला. ‘ताई, झालं गेलं. आता उकरून काढू नका.’ मी मान हलवली आणि बाहेर आले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते हे लिहायला.

घरी बाबांना सगळं सांगितलं, बोटीचंसुद्धा. म्हटलं, पुढच्या सरावाला समितीला परत बोलावणार. पथक कच्चं आहे हे त्यांना डोळ्यांनी बघू दे, म्हणजे बोट मिळेल.

‘म्हणजे तू तोंडावर पडणार.’

‘पडू दे.’

‘नोकरीवर येईल.’

‘येऊ दे, बाबा.’

त्यांनी माझं ताट वाढलं. मग म्हणाले, ‘जेवून घे.’

१७ जुलै, गुरुवार

बाबांची स्वारी फिरायला जाते आणि कोपरांना जळमटं लावून येते. जागा शोधतायत! आज पायजम्याला ग्रीसचा डाग. मी बघितलं, तर म्हणतात, ‘साहेब, विचारायचं नाही ठरलंय. या वेळी तुमच्या बापालाही सापडणार नाही.’ आणि स्वतःच खो खो हसले. किती दिवसांनी घरात हसणं ऐकलं.

पायजम्याची नाडीही तुटली होती, म्हणून तो खालच्या वस्तीत शिलाईवाल्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंना ऐकू अगदी कमी येतं. पायानं मशीन चालवत, तोंडात टाचण्या धरून बोलतात. म्हणाल्या, ‘पुढच्या ड्रिलच्या आधी माणूस पाठवा हं नेहमीसारखा. तो दार वाजवून सांगतो म्हणून मला कळतं. भोंगा काय, मला ढिम्म ऐकू येत नाही.’

नेहमीसारखा. म्हणजे आम्ही आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगतो, मोजणी चोख यावी म्हणून. मी ‘पाठवते’ म्हणाले. न सांगता सराव घ्यायचा ठरलाय आणि मी चक्क ‘पाठवते’ म्हणाले. त्यांच्याकडे एक कायमचा माणूस नेमून द्यायला हवा. सोमवारी बघते.

२१ जुलै, सोमवार

कामाच्या रगाड्यात बाईंचं राहून गेलं. उद्या.

वर डोंगरात धो धो पाऊस आहे म्हणतात. इथे ऊन मी म्हणतंय.

२३ जुलै, बुधवार

काल सराव नव्हता.

सकाळी धरणावरच्या इंजिनियरचा फोन आला. ‘मॅडम, दारं उघडावीच लागतील. माणसं हलवा.’ मी भोंग्याचं बटण दाबलं. बाहेर लख्ख ऊन. लोक दारात उभे राहून एकमेकांना विचारत होते, ड्रिल आहे का? माईकवर ओरडून ओरडून माझा घसा बसला. हा सराव नाही. हा सराव नाही.

वस्ती हलायला लागली तेव्हा कुठे बाबा आठवले. घरी फोन लावला. शेजारच्या वहिनींनी उचलला. फोन टेबलावरच होता आणि दार उघडं. ‘काका तर भोंगा वाजला तसे टॉर्च घेऊन निघाले. गालातल्या गालात हसत होते.’

त्यांना वाटलं माझा सराव. ते लपले होते, सगळा जीव लावून. आणि कुठे, ते मला ठाऊक नव्हतं. तसा शब्द मीच दिला होता.

वॉकीटॉकीवर पैलवानाला म्हटलं, सगळी दारं बघा, प्रत्येक घर बघा. मग राहवलं नाही. म्हटलं, ‘माझे बाबा खाली कुठेतरी लपलेत रे.’ तो म्हणाला, ‘काळजी करू नका ताई, आणतो.’ बस, एवढंच. मी माईकसमोर बसून राहिले. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, मग तो दिसेनासा झाला.

मग वॉकीटॉकी खरखरली. ‘काका मिळाले. खालच्या गल्लीत मोजणीत एक कमी होता, तोही जुळला.’

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सगळा स्टाफ बघत होता. बघू दे.

२४ जुलै, गुरुवार

बाबा जुन्या पिठाच्या गिरणीच्या तळघरात होते. पाणी पायऱ्यांवर आलं तरी त्यांना वाटलं, नळ फुटला असेल! आता ब्लँकेट पांघरून शिंकत बसलेत आणि भेटायला येईल त्याला सांगतायत, ‘या वेळी खरं शोधलं पोरांनी. कुणी सांगितलं नव्हतं, काही नाही.’

माझ्याकडे बघून म्हणाले, ‘पथक तयार आहे हो तुझं, साहेब.’

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! सगळं वाईट केलं मी, पण पथक खरोखर चांगलं निघालं. तिथे माझी लबाडी नव्हती. आज जेवण गेलं.

२६ जुलै, शनिवार

पाणी उतरलं. शिलाईवाल्या बाई मशीनवरच सापडल्या.

गल्लीत एक कमी होता तो त्या होत्या. बाबांचं नाव त्या गल्लीच्या मोजणीत नव्हतंच, ते वरच्या रस्त्याला राहतात. पण आमच्या सगळ्या सरावांत एकच जण कमी असतो आणि एकच जण सापडतो. सापडला की शिट्टी वाजते, टाळ्या, घरी. एक मिळाला म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. असं करायला आम्हीच शिकवलंय, दर वर्षी दोनदा.

माझ्या बापानं त्यांची जागा भरली. आणि मी त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून देवाचे आभार मानत होते.

माणूस पाठवते म्हणाले होते मी. पाठवते म्हणाले होते.

२७ जुलै, रविवार

बाबांना सांगितलं. त्यांनी बाईंनी घालून दिलेली पायजम्याची नाडी हातात धरली आणि सोडली. दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवले नाहीत. मीही नाही.

२९ जुलै, मंगळवार

मोठ्या साहेबांपुढे सगळं बोलले. लाकडाच्या खोलीचं, बाईंचं, सगळं. त्यांनी हात वर केला तरी थांबले नाही. म्हटलं, समितीला तुम्ही कळवा, नाहीतर मी कळवते. माझं काय करायचं ते करा. पण यापुढे सरावात किती जण लपवले ते पथकाला कधी कळता कामा नये. कधी तीन, कधी एकही नाही. आणि ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या दारावर भोंग्याच्या आधी माणूस. साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, ‘कळवतो.’

निदान बाबा तरी खरे शोधून सापडले, हे एकच मनाशी धरून ठेवलंय.

३० जुलै, बुधवार

संध्याकाळी पैलवान आला. आत यायला तयार नव्हता, जिन्यातच उभा राहिला. म्हणाला, ‘ताई, काकांनी पाणी यायच्या आधीच सांगितलं होतं मला. गिरणीचं तळघर. म्हणाले, पोरीला तोंडावर पडू द्यायचं नाही, आणि तिला कळू द्यायचं नाही. म्हणून बोट सरळ तिकडेच नेली. बाईंच्या दारावरूनच गेलो, ताई. कुठे जायचं ते माहीत होतं ना, म्हणून आजूबाजूला बघितलंच नाही.’

आतून बाबांनी विचारलं, कोण आलंय?

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं, ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मी पैलवानाला म्हणाले, ‘बरं झालं, सांगितलं त्यांनी.’